छातीचे हाड जुळते कसे?

हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झालेला मनुष्य गावी परत आला, की भेटायला येणारा प्रत्येक जण हृदयाची चौकशी करतो. बायपास किती ठिकाणी केला, झडप कसली बसवली, खर्च किती आला, सगळे विचारून होते. पण त्या हृदयापर्यंत पोचण्यासाठी जे हाड उभे चिरावे लागले, त्या हाडाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक हृदयावरचे मुख्य काम शस्त्रक्रियेच्या टेबलावरच उरकलेले असते. घरी आल्यावर दोन-तीन महिने जपायचे असते ते हे हाड. आणि ते बिघडले तर उत्तम पार पडलेली शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते. म्हणून आज हृदय बाजूला ठेवून या हाडाविषयीच बोलू.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात भाषा शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषधांची नावे आणि मात्रा माझ्याकडून ऐकायच्या नाहीत. त्या आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यायच्या. पण हाड का जुळते, का फसते, आणि घरच्या माणसांनी कुठे डोळे उघडे ठेवावेत, हे समजून घ्यायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

गळ्याखालच्या खळगीपासून पोटाच्या बेचक्यापर्यंत बोट फिरवून पाहा. मधोमध जे चपटे, साधारण वीतभर लांबीचे हाड लागते, तीच उरोस्थी. जुन्या कौलारू घराच्या आढ्याला दोन्ही अंगांनी वासे येऊन भिडतात, तशा दोन्ही बाजूंच्या वरच्या सात-सात बरगड्या कूर्चेच्या साहाय्याने या हाडाला भिडतात. खांद्याकडून येणारी गळपट्टीची हाडेही वरच्या टोकाला येऊन टेकतात. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. हात आणि खांदे यांचा सगळा भार याच वाटेने छातीच्या हाडावर येतो. पुढे आपण घागर, हातपंप, मोटारसायकल यांविषयी बोलू, तेव्हा तिचा उपयोग होईल.

हे हाड मधोमध उभे चिरून छाती उघडण्याची कल्पना १८९७ साली मिल्टन नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने मांडली. पण तेव्हा हृदय उघडण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ती बरीच वर्षे पडून राहिली. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसे यांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून हृदयातले एक छिद्र बुजवले, आणि उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. त्या सुरुवातीच्या वर्षांत छाती बहुधा आडवी उघडीत. १९५७ मध्ये डॉ. ज्यूलियन यांनी उभ्या छेदाचा पुरस्कार केला आणि हळूहळू जगभर तोच रूढ झाला. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण केले. तेव्हापासून आजवर शस्त्रक्रियेची साधने पार बदलली. बरगड्यांमधल्या फटीतून लहान छेद घेऊन करायच्या शस्त्रक्रियाही आता होतात, पण त्या सर्वांना चालत नाहीत. बहुतेकांचे हृदय आजही हे हाड उभे चिरूनच गाठावे लागते.

चिरायला विजेची छोटी करवत असते. काही क्षणांचे काम. खरी कसोटी मिटवताना. हाताचे हाड मोडले तर प्लास्टर घालून ते हलेनासे करता येते. छातीला प्लास्टर घालणार कसे? मनुष्य मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास घेतो. म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या वर. प्रत्येक श्वासाला बरगड्या वर-खाली होतात आणि चिरलेल्या हाडाच्या दोन फळ्यांना थोडे थोडे दोन्हीकडे ओढतात. शिवाय खोकला, शिंक, उचकी, कूस बदलणे. हे सगळे चालू असताना हाड जुळायचे असते.

यावर उपाय म्हणून पोलादी तारा वापरतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या भांड्यांच्याच जातीच्या, पण अधिक निवडक पोलादाच्या. साधारण सहा ते आठ तारा हाडातून किंवा हाडाला वळसा घालून ओवायच्या, दोन्ही फळ्या एकमेकींवर घट्ट आणायच्या, तारांना पीळ द्यायचा आणि टोके आत वळवून टाकायची. कुंपणाच्या तारेला पकडीने पीळ देताना आपण पाहतो, तसेच हे काम. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या तारा घातल्यावर भीती कसली? तर तारा हाड धरून ठेवतात, जुळवीत नाहीत. जुळण्याचे काम हाडाने स्वतःच करायचे असते.

आंब्याचे कलम बांधणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. दोन्ही काप नेमके एकमेकांवर बसले पाहिजेत, बांध घट्ट हवा पण काचता कामा नये, रस वाहता राहिला पाहिजे, आत घाण जाता कामा नये, आणि जोड धरेपर्यंत फांदी कोणी हलवता कामा नये. छातीच्या हाडाची गोष्ट नेमकी हीच आहे. ज्या कारणांनी कलम फसते, जवळपास त्याच कारणांनी हे हाडही फसते.

बांध काचण्याचे उदाहरण घ्या. हाड भुसभुशीत असले, जसे म्हातारपणी होते, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, किंवा जे वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आले आहेत त्यांच्यात, तर जोराच्या खोकल्यासरशी तार हाडात रुतत जाते. दोऱ्याने साबणाची वडी कापावी ना, तशी. तार कधी तुटतेही, पण बहुधा तार शाबूत राहते आणि हाडच कापले जाते. अशा हाडासाठी बरगड्यांच्या कडेने तारांचा उभा विणकाम केल्यासारखा आधार देण्याची पद्धत डॉ. रोबिचेक यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. अलीकडे टायटेनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूही वापरतात. करवत मध्यरेषेवरून सरकून एका अंगाला गेली असेल तर एक फळी अरुंद राहते आणि तिथेही धोका वाढतो.

रसाचे म्हणाल तर त्यात एक गंमत आहे. गंमत म्हणायची एवढेच, आहे ती अडचण. उरोस्थीच्या मागे दोन्ही अंगांनी एकेक रक्तवाहिनी खाली उतरते, आणि हाडाला रक्त पोचते ते मुख्यतः तिच्यापासून. हृदयाच्या बायपाससाठी सर्वांत टिकाऊ रक्तवाहिनी म्हणून शल्यविशारद बहुधा डावीकडची हीच काढून हृदयाला जोडतात. हृदयाचा फायदा होतो, पण हाडाच्या त्या अर्ध्या भागाचे पाणी काही काळ कमी होते. आजूबाजूच्या लहान वाहिन्या नंतर ते भरून काढतात. मात्र दोन्ही बाजूंच्या वाहिन्या काढल्या आणि रुग्ण मधुमेही, लठ्ठ असेल तर हाड धोक्यात येण्याचा संभव वाढतो. म्हणून अशा रुग्णांत डॉक्टर हात राखून असतात.

मधुमेहाचे नाव निघालेच. ज्या रोगाने हृदयाच्या नळ्या खराब केल्या, तोच रोग नंतर जखमेला छळायला हजर असतो. रक्तात साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरायला उशीर होतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरचे काही दिवस साखर बहुधा १८० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची शिकस्त करतात, जरूर पडली तर शिरेतून इन्शुलिन देऊन. आयुष्यात कधी इन्शुलिन न घेतलेल्या माणसाला ते दिलेले पाहून नातेवाईक घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळ वेळा ते तात्पुरते असते. दुसरा शत्रू तंबाखू. विडी-सिगारेटने खोकला येतो आणि खोकल्याने हाड हलते, हे तर झालेच. पण मिसरी लावणाऱ्या आजीबाई आणि मळून खाणारे काका यांनीही आपण सुटलो असे समजू नये. तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, मग ती धुरातून गेलेली असो की हिरडीतून.

आता मुख्य भीतीकडे वळू, म्हणजे जंतूंकडे. जखमेच्या वरवरच्या कातडीत पू होणे त्रासाचे खरे, पण आटोक्यातले. जंतू हाडात आणि हाडामागच्या पोकळीत, जिथे हृदय आहे तिथे पोचले, तर प्रसंग गंभीर. असे शंभरात एका-दोघांना, फार तर तिघांना होते. संख्या लहान वाटेल, पण ज्यांना होते त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते, आठवडेच्या आठवडे इस्पितळात काढावे लागतात, आणि आजच्या उपचारांनीही त्यांतले काही दगावतात. हे जंतू बहुधा बाहेरून कुठून उडत येत नाहीत. आपल्याच कातडीवर आणि नाकपुड्यांत वस्तीला असतात. म्हणून तर शस्त्रक्रियेआधी जंतुनाशक साबणाने अंघोळ, वस्तऱ्याऐवजी यंत्राने केस कापणे, नाकात मलम, आणि छेद घेण्यापूर्वी तासाभराच्या आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन, हा सारा खटाटोप असतो.

पण माझ्या मते खेड्यातल्या माणसाने समजून घेण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. रुग्णाला घरी सोडतात साधारणपणे आठवड्याच्या आत-बाहेर. आणि खोल संसर्ग किंवा हाड सुटण्याचा प्रकार पुष्कळदा उघडकीस येतो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, क्वचित त्याहूनही उशिरा. म्हणजे धोक्याची घटका येते तेव्हा रुग्ण इस्पितळात नसतो. तो आपल्या ओसरीवर बसलेला असतो, डॉक्टर शंभर-दीडशे किलोमीटरवर असतात, आणि घरात पाहुण्यांची रीघ लागलेली असते. पहारा कोणी करायचा? घरच्या माणसानेच.

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. बायपास उत्तम झाला होता. बाराव्या-तेराव्या दिवशी बंडीवर तांबूस पाण्याचा डाग दिसू लागला. दुखत फारसे नव्हते. सुगीचे दिवस, मुलगा शेतात. त्याला कशाला पुन्हा शहराची फेरी, म्हणून गृहस्थ बंडी आपणच धुऊन टाकीत. घरात कोणालाही सांगितले नाही. आठ दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा बिंग फुटले. तोवर चार तारा हाडातून सुटल्या होत्या. छाती पुन्हा उघडून साफ करावी लागली, छातीचा स्नायू वळवून मधली पोकळी भरावी लागली. गृहस्थ वाचले, पण ज्या दिवशी पहिला डाग दिसला त्या दिवशी निघते, तर हे सगळे पुष्कळ सोपे झाले असते.

तेव्हा कोणत्या गोष्टी दिसल्या की थांबायचे नाही, हे नीट ऐका. जखमेतून पाणी, रक्तमिश्रित पाणी किंवा पू येणे, भले तो थेंबभर असो. खोकताना किंवा कूस बदलताना छातीत ‘कट्’ असा आवाज होणे, अथवा दोन फळ्या एकमेकींवर घासल्यासारखे वाटणे. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागणे. ताप; जखमेभोवती वाढती लाली आणि ऊब. आणि एक सहसा कोणाच्या ध्यानात न येणारी खूण: ताब्यात असलेली साखर काही कारण नसताना एकाएकी भडकणे. यांतले काहीही झाले तर प्रथम जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे फोन करायचा. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली म्हणून पुन्हा कसे जावे, असा संकोच काही लोक करतात. तो अगदी अनाठायी आहे. गावच्या औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून स्राव दाबू नका. वरून जखम सुकते आणि आत मुरत राहते. हळद, राख, तेल यांपैकी काही जखमेवर लावायचे नाही. आणि कृपा करून हाडवैद्याकडे जाऊ नका. मनगट मुरगळले तर त्याच्या हाताला यश असेलही, पण तारांनी बांधलेली छाती ही चोळून घेण्याची जागा नाही.

वेळेवर गेल्यास उपाय पुष्कळ आहेत. नुसतीच तार सैल झाली असेल आणि जंतू नसतील तर पुन्हा बांधता येते. जंतू असतील तर मेलेले हाड खरवडून काढतात, जखमेवर स्पंज आणि हवाबंद पडदा लावून यंत्राने आतला स्राव शोषून घेत राहतात, आणि जागा स्वच्छ झाली की छातीचा स्नायू किंवा पोटातला चरबीचा पडदा वळवून पोकळी भरतात. त्या स्नायूत भरपूर रक्त असते, आणि रक्त आले की जंतूंशी लढणे सोपे.

एवढे ऐकून कोणी रुग्णाला खाटेवर खिळवून ठेवील, तर तेही चुकीचेच. काळजीच्या नावाखाली हा दुसरा अपराध आपल्या घराघरांत होतो. निजून राहिल्याने फुप्फुसांत कफ साठतो, त्याचा न्यूमोनिया होतो, आणि मग जो खोकला सुटतो तो आवरता आवरत नाही. म्हणून इस्पितळातच दुसऱ्या दिवसापासून बसवतात, चालवतात, आणि तीन गोळ्यांचे ते श्वासाचे खेळणे हातात देतात. त्यात फुंकायचे नसते बरं का, ओढायचे असते. कफ आला तर खोकायचेच. फक्त घट्ट उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरायची आणि मग खोकायचे. दुखणे सोसण्यात मर्दुमकी मानू नये. वेदनाशामक गोळी दिली असेल ती वेळेवर घ्यावी. दुखले की मनुष्य खोकत नाही आणि खोल श्वासही घेत नाही.

हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरते आणि तीन महिन्यांत नेहमीची कामे सोसण्याइतके पक्के होते. आतून पुरते भरून यायला त्याहून अधिक, सहा महिने किंवा पुढेही काळ जातो. जखम वरून तीन आठवड्यांत छान दिसते, आणि तिथेच लोक फसतात.

मग या काळात काय टाळायचे? इस्पितळाच्या कागदावर लिहिलेले असते, ‘चार-पाच किलोहून अधिक वजन उचलू नये.’ आपल्या घरात याचा अर्थ काय? पाण्याने भरलेली घागर नको. ती दहा-बारा किलोंच्या वर जाते. दीड-दोन वर्षांचा नातू नको; तो धावत आला तर खाली बसूनच त्याला जवळ घ्यावे. हातपंप मारणे, विहिरीचे पाणी शेंदणे, मोटारसायकल ओढून स्टँडवर लावणे, जड दार ढकलणे, कणकेचा मोठा गोळा मळणे, जनावराचा कासरा हाताला गुंडाळणे, यांपैकी काही नको. जनावर बिथरले तर ते तुमच्या छातीचा विचार करणार नाही. शेतातली जड कामे निदान तीन महिने, आणि त्यानंतरही डॉक्टरांना विचारूनच. एस. टी.ने जावेच लागले तर उभ्याने वरचा दांडा धरून जायचे नाही. आणि मागची, चाकावरची जागा नको. मोटारीत पट्टा लावायचाच, फक्त छातीवर टॉवेलची घडी ठेवून.

उठण्या-बसण्याचा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड. सैल विणीच्या बाजेवरून किंवा जमिनीवरच्या अंथरुणावरून उठताना माणूस दोन्ही हातांवर सगळा भार देतो, नाहीतर कोणाचा तरी हात धरून स्वतःला ओढून घेतो. दोन्ही वाईट. थोडी उंच, कडक पृष्ठभागाची खाट हवी. कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, आणि अंग एकसंध ठेवून सावकाश उठायचे. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून उचलू नये. पाठीमागून आधार द्यावा. शौचासाठी काही आठवडे खुर्चीची सोय करावी, आणि कुंथावे लागणार नाही असा आहार द्यावा. स्त्रियांना आणखी एक सांगायचे. स्तनांच्या वजनाने जखमेवर दोन्हीकडून ओढ बसते. समोरून हुक असलेली, नीट मापाची, आधार देणारी चोळी दिवसा-रात्री घालावी. ही गोष्ट संकोचापायी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम येथे सांगितली.

हातांविषयी मात्र अलीकडे मत थोडे बदलले आहे. पूर्वी रुग्णांना हात हलवायलाच मना करीत. त्याने खांदे आखडत आणि माणूस उगाच पंगू होई. आता व्यायामतज्ज्ञ सांगतात, कोपर अंगालगत ठेवून, हलके वजन अंगाजवळ धरून घरातली कामे करायला हरकत नाही. दुखले की थांबायचे. मला हे अधिक शहाणपणाचे वाटते. कारण एका जोराच्या खोकल्याने हाडावर जो ताण पडतो, तो दुधाचे लहानसे भांडे उचलण्याच्या ताणापेक्षा कितीतरी मोठा असतो. चालणे तर रोज हवेच: सुरुवातीला पाच-दहा मिनिटे अंगणात, मग वाढवीत अर्ध्या तासापर्यंत.

शिक्षक बंधुभगिनींसाठी वेगळे काही शब्द. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात, आणि जन्मतः हृदयात छिद्र असलेली मुले त्यातून शोधली जातात. त्यांतली कोणी शस्त्रक्रिया होऊन आपल्या वर्गात परत येतात. मुलांचे हाड मोठ्यांपेक्षा लवकर जुळते, साधारण सहा आठवड्यांत. तरी तोवर दप्तर त्याच्या पाठीवर देऊ नये, दोन मुलांनी आळीपाळीने आणावे. कबड्डी, खो-खो, झाडावर चढणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नको. मधल्या सुट्टीतली ढकलाढकली सर्वांत धोक्याची. पण परवानगी मिळाल्यावर ‘हा हृदयाचा पेशंट’ म्हणून त्याला जन्मभर मैदानाच्या कडेला बसवून ठेवू नका. सदऱ्याच्या वरच्या बटणातून डोकावणाऱ्या त्या रेघेवरून वर्गात कुजबूज होतेच. एका बाईंनी त्या मुलालाच फळ्याजवळ बोलावून छातीत हृदय कुठे असते ते वर्गाला दाखवायला सांगितल्याचे मला ठाऊक आहे. मुलगा खुशीने उठला होता, हे महत्त्वाचे. न विचारता असे करू नये.

राहता राहिला एक प्रश्न, जो प्रत्येक जण विचारतो: त्या तारा काढायच्या कधी? काढायच्या नसतात. त्या जन्मभर आत राहतात, गंजत नाहीत, एक्स-रेमध्ये बटणांच्या ओळीसारख्या दिसतात. एम. आर. आय. तपासणीलाही त्या सहसा आड येत नाहीत, मात्र तंत्रज्ञाला आधी सांगावे. अंगाने बारीक असलेल्या माणसाला एखाद्या तारेचे टोक कातडीखाली टोचते, त्यावर सदरा घासला की दुखते. असे सारखे होत असेल आणि हाड पक्के जुळले असेल, तर लहानसा छेद घेऊन तेवढीच तार काढून टाकतात, आणि रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.